फेलओव्हरसाठी डीएनएस नका वापरू रे!

फेलओव्हर म्हणजे एक सर्व्हर पडला की त्याचं काम दुसऱ्याने उचलणं, आणि डीएनएस म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा. "सर्व्हर पडला तर डीएनएस रेकॉर्ड बदलू, झालं फेलओव्हर." हे परत कोणी मीटिंगमध्ये बोललं ना तर खरंच डोकं फिरणारे माझं. सातपूरच्या प्लँटमधला पपेट सर्व्हर (सगळ्या मशिन्सची सेटिंग्ज एका जागेवरून लावणारा) गेला, मंडळींनी ए रेकॉर्ड (नावापुढे आयपी पत्ता लिहिलेली डीएनएस नोंद) अंबडच्या मशीनवर फिरवला आणि निवांत मिसळ खायला गेली. टीटीएल, म्हणजे ती नोंद किती सेकंद जपून ठेवायची ती मुदत, किती? ८६४००! म्हणजे अख्खे २४ तास रिझॉल्व्हर (नावाचा पत्ता शोधून देणारा) जुनाच पत्ता धरून बसू शकतो, अर्धी मशिन्स मेलेल्या सर्व्हरच्या ८१४० पोर्टवर धडका मारतायत, आणि जी नव्याकडे पोचली ती सर्टिफिकेटवर अडकली, कारण नव्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटमध्ये मशिन्स ज्या नावाने हाक मारतात ते सामायिक नाव टाकलंच नव्हतं कुणी.

मग म्हणे टीटीएल ६० करू. अरे पण ते पडायच्या आधी करायचं असतं, नंतर करून कॅशमध्ये जपलेलं जुनं थोडंच जातं? शिवाय काही प्रोसेस सुरू होताना एकदाच नाव रिझॉल्व्ह करतात, रीस्टार्ट होईपर्यंत त्यांना टीटीएलशी काही देणंघेणं नसतं. आणि साध्या डीएनएसला सर्व्हर जिवंत आहे की मेला हे कळतच नाही हो!

त्यात कहर म्हणजे आमच्या डीएनएसच्या झोन फाइल्सच (ज्यात हे रेकॉर्ड लिहिलेले असतात) पपेटमधून जातात. पपेटच पडलाय तर रेकॉर्ड बदलणार कुठून? रात्री हाताने, अजून कुठून.

पपेटमध्ये सर्व्हर लिस्ट देता येते, सॉल्ट या पपेटसारख्याच टूलच्या मिनियनला (क्लायंटला) दोन मास्टर देऊन फेलओव्हर मोड लावता येतो, एकाच नेटवर्कवर असाल तर कीपअलाइव्हडी या टूलने आयपीच दुसऱ्या मशीनवर फिरवा. सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, वाचा ना एकदा!