धरणातला मासा कसा मोजावा

मासा मोजायला धरणावर जायची काही गरज नाही. आपल्याकडचं ऊन ठाऊक आहे ना? आठवडे बाजारात जा, तागडीसमोर उभे राहा आणि ढीग केवढा आहे ते बघा. ढीग मोठा म्हणजे धरणात मासा उदंड. विकणारा "भलता माल शे, भो" म्हणाला की अहवाल तयार, सही तेवढी बाकी.

मोजणीला महिना मात्र मे चाच धरा. खान्देशातलं गिरणा धरण असो की हतनूर, पाणी पार खाली गेलेलं असतं. उरलासुरला कटला-रोहू एका डोहात दाटीवाटीनं आलेला, त्यामुळे जाळं टाकलं की भरलंच. मासा वाढलेला नाही, पाणी आटलंय, असं कोणी शहाणा म्हणालाच तर त्याचं गाव कोणतं ते आधी विचारा. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या समुद्रातही असंच झालं होतं. उरलेला कॉड मासा एकाच जागी गोळा व्हायचा आणि ट्रॉलरवाले नेमके तिथेच जायचे. त्यांची जाळी भरलेली पाहून तिथल्या शास्त्रज्ञांनी समुद्रात आहे त्याहून जास्त मासा धरला. १९९२ च्या जुलैत सरकारला ती मासेमारीच बंद करावी लागली आणि हजारो माणसं घरी बसली. पण ते कॅनडावाले. ज्यांना भरीत माहीत नाही, त्यांचं काय मनावर घ्यायचं!

वहीत फक्त किलो लिहा. जाळी किती लावली, किती रात्री लावली, हे लिहायच्या भानगडीत पडू नका. नाहीतर कोणीतरी एका जाळ्यामागे एका रात्रीत किती मासा आला याचा भागाकार करतो, आणि चार वर्षांचे भागाकार खाली खाली उतरताना दिसले की चहा कडू लागतो. एकूण किलो तेवढेच राहावेत असं वाटत असेल तर जाळी वाढवा. तीही पुरेनाशी झाली की बारीक आसाची, म्हणजे लहान भोकांची, आणा. आकडा ढळत नाही.

टेप घरीच ठेवा. तोंडापासून शेपटीपर्यंत शंभर-दोनशे मासे मोजले की भलतंच उघड होतं: ढिगात सगळी पोरंच. कटला-रोहू साधारण दोन वर्षांचा झाल्याशिवाय अंड्यावर येत नाही, आणि ताटात पडतोय तो त्याआधीच. खवला भिंगाखाली धरला तर वाढीची वर्तुळं दिसतात, त्यावरून वय काढता येतं म्हणे. आपल्याकडे वय फक्त लग्न जमवताना काढतात, तेही दोन वर्षं कमी करून.

तरी कोणी आकडा मागितलाच, तर बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, धरणात किती सोडली तो द्या. जितकी सोडली तितकी जगली, असं धरून चाला. पिशवीतच किती मेली, मरळीनं किती गिळली, हतनूरच्या ४१ दरवाजांतून किती खाली गुजरातेत गेली, हे प्रश्न नतद्रष्ट लोकांचे. कागदावरची बोटुकली कधी मरत नाही, हा तिचा मोठा गुण.

पावसाळ्याचीही फिकीर नको. समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते. खान्देशाला समुद्रच नाही, तेव्हा आपला काय संबंध? कटला-रोहूला अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून पहिल्या लोंढ्याला पोट फुगलेला मासा उलटा चढत नाल्याच्या तोंडाशी येतो. जाळं तिथंच आडवं लावा. एक किलोच्या रोहूच्या पोटात दोनेक लाख अंडी सहज असतात. त्यांना 'पुढच्या हंगामाचा अपेक्षित साठा' म्हणून अहवालात व्यवस्थित नोंदवा आणि मगच तळायला टाका. कळण्याच्या भाकरीबरोबर छान लागतात.