आठवड्याचे वीस शब्द

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारची संध्याकाळ चिरंजिवांच्या इंग्रजी शब्दसंपदेसाठी राखून ठेवलेली असते. शनिवारी शाळेतून वीस शब्दांची यादी येते, सोमवारी तिच्यावर चाचणी असते आणि मधल्या वेळात एका खास वहीत प्रत्येक शब्दापुढे पाच रकाने भरून न्यायचे असतात: शब्दाची जात, अर्थ, समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द आणि 'स्वतःचे वाक्य'. चिरंजीव सहावीत आहेत. त्यांचे स्वतःचे वाक्य आमच्या घरातल्या तीन पिढ्या मिळून तयार करतात.

त्यातल्या त्यात विरुद्धार्थी शब्दाच्या रकान्याने आमचा फार छळ केला आहे. प्रत्येक नामाला विरुद्धार्थी शब्द असतोच असे नाही, हे यादी काढणाऱ्या बाईंना माहीत असणारच. परंतु एकदा रकाना आखला की तो भरलाच पाहिजे, हा कोणत्याही छापील तक्त्याचा स्वभाव असतो. एका आठवड्यात 'अ‍ॅक्विडक्ट' हा शब्द आला. कमानींवरून पाणी वाहून नेणाऱ्या या बांधकामाच्या विरुद्ध काय असू शकेल, यावर आमच्याकडे चहा निवेपर्यंत खल झाला. यजमानांनी 'टँकर' सुचवले. अखेर चिरंजिवांनी कोणाचेही न ऐकता 'नो अ‍ॅक्विडक्ट' असे लिहून टाकले आणि सोमवारी त्यावर लाल शाईची बरोबरची खूण घेऊन आले. तेव्हापासून त्या रकान्यात 'नो व्हॉल्केनो', 'नो आर्किटेक्ट' अशी एकापाठोपाठ एक भर पडत गेली आणि आमचा निदान तेवढा भार हलका झाला.

वाक्यांचे खाते माझे सासरे अण्णा सांभाळतात. अण्णा एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांचे इंग्रजी अतिशय शुद्ध आहे, पण ते सगळे अर्जात आणि टिपणांत घडलेले असल्यामुळे त्यांच्या तोंडून कोणतेही वाक्य नमस्कारासह बाहेर पडते. 'रिलक्टंट', म्हणजे नाखूश, या शब्दासाठी त्यांनी सांगितले, "विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टु स्टेट दॅट माय सन इज रिलक्टंट टु ईट दुधी." चिरंजिवांनी ते अक्षरशः उतरवून घेतले. त्यामुळे सहावीतल्या एका मुलाला दुधी न खाणारा मुलगा आहे, अशी नोंद शाळेच्या दप्तरी झाली. वर्गशिक्षिकांनी त्याखाली फक्त 'गुड' असा शेरा दिला, यावरून वाक्ये किती बारकाईने वाचली जातात याची मला कल्पना आली.

पाठ केलेले शब्द मंगळवारी सकाळी मुलाच्या डोक्यातून साफ गेलेले असतात, हे लक्षात आल्यावर यजमानांनी शास्त्राचा आधार घेतला. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून आपल्याच विस्मरणाचे मोजमाप केले आणि 1885 मध्ये ते प्रसिद्ध केले. पाठ केलेले पहिल्या काही तासांत झपाट्याने विसरते आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. त्यावर उपाय म्हणजे वाढत्या अंतराने उजळणी करणे. त्यासाठी 1972 मध्ये सेबास्टियन लाइटनर याने डब्यांची युक्ती सांगितली. शब्दाची चिठ्ठी पहिल्या डब्यात टाकायची, अर्थ बरोबर आला की ती पुढच्या डब्यात सरकवायची, चुकला की पुन्हा पहिल्यात आणायची. पहिला डबा रोज उघडायचा आणि पुढचे डबे अधिकाधिक दिवसांनी. यजमानांनी लगोलग भाकरवडीचे पाच रिकामे डबे धुऊन, पुसून, त्यांवर आकडे घालून कपाटावर मांडले.

ही पद्धत खरोखर उत्तम आहे, असे मी अगदी मनापासून म्हणते. अडचण एवढीच होती की शाळा सोमवारी विचारलेला शब्द पुन्हा जन्मात विचारीत नाही. त्यामुळे दुसऱ्या डब्यापासून पुढचे सगळे डबे निरुपयोगी आहेत, असा चिरंजिवांचा रोखठोक युक्तिवाद होता आणि मला तो खोडता आला नाही. दर शनिवारी नव्या वीस चिठ्ठ्या येऊन पहिल्या डब्याचे झाकण लागेनासे झाले. पाचवा डबा मात्र रिकामाच राहिला आणि यजमानांनी कालांतराने त्यात पुन्हा भाकरवडी भरली. उजळणीसाठी कपाटापाशी जाण्याची हौस त्यानंतर घरात सर्वांनाच लागली.

मुलाने यादी पाहून कपाळाला हात लावला की अण्णा सयाजीराव महाराजांचे उदाहरण देतात. कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आला तेव्हा त्याला लिहितावाचता येत नव्हते. पुढे तो मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकला, आणि याच राजाच्या कारकिर्दीत 1931 मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा आठ भाषांतला कारभारविषयक कोश निघाला. अण्णांचा आवाज इथे नेहमी भरून येतो. चिरंजिवांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आजोबा, महाराज बाराव्या वर्षी सुरू झाले ना? मग मला अजून एक वर्ष आहे." संस्थानात 1906 पासून सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे, हेही अण्णा मला मुद्दाम ऐकवतात. दंड भरून मोकळे होण्याची ती सोय आज उरलेली नाही, याचे मला वैषम्य वाटते.

खरे म्हणजे या मुलाची शब्दांशी मुळीच अढी नाही. उत्तरायणाच्या दिवशी तो गच्चीवर पतंग उडवत उभा असतो तेव्हा किन्ना, फिरकी, ढील, पेच, लपेट हे सारे त्याच्या जिभेवर असते. कोणत्या वाऱ्यात ढील द्यायची आणि केव्हा खेचायचे, हे तो शेजारच्या बेनना अस्खलित गुजरातीत समजावून सांगतो. त्या शब्दांची वही कोणी घातली नव्हती. पतंग कापला गेला की शब्द कळतो आणि दुसऱ्याचा कापला की तो पक्का होतो. इंग्रजी शब्दांच्या वाट्याला असे काही येत नाही; रविवारी ते पाहुण्यासारखे येतात, पाच रकान्यांत टेकतात आणि सोमवारी निघून जातात.

शिवाय यादीत येतात ते सगळे भारदस्त शब्द. मायकल वेस्ट नावाच्या इंग्रज शिक्षकाने ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करताना बंगालमधली मुले इंग्रजी वाचताना नेमकी कुठे अडतात, याचा बारकाईने विचार केला होता. पुढे 1953 मध्ये त्याने सुमारे 2000 नेहमीच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सामान्य इंग्रजी मजकुरातले जवळपास 80 टक्के शब्द तेवढ्या यादीत सापडतात. 'गेट', 'पुट', 'टेक' ही त्यातली मंडळी. दिसायला साधी, पण पुढे एखादे 'ऑफ', 'अप' किंवा 'आउट' जोडले की वेगळ्याच अर्थाने समोर उभी राहणारी. शाळेच्या यादीत त्यांना मज्जाव आहे, कारण 'पुट' शिकवला असे सांगून कोणत्याही पालकावर छाप पडत नाही.

याचा हिशेब आम्हाला भर उन्हाळ्यात चुकवावा लागला. पाणी शुद्ध करण्याचे आमचे यंत्र खालून गळू लागले होते, तरी पाणी देत होते. दुरुस्तीसाठी तक्रार नोंदवली आणि दुपारी कंपनीचा फोन आला तेव्हा घरात चिरंजीव आणि झोपलेले अण्णा एवढेच होते. पलीकडच्या बाई इंग्रजीतून म्हणाल्या की मेकॅनिकची भेट बुधवारपर्यंत 'पुट ऑफ' करावी लागेल. चिरंजिवांनी 'येस मॅडम' म्हणून फोन ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन यंत्राचे बटण बंद केले आणि त्यावर 'बुधवारपर्यंत ऑफ' अशी चिठ्ठीही चिकटवली. कंपनीचाच हुकूम म्हटल्यावर आम्ही चिठ्ठीला हात लावला नाही. मंगळवारी रात्रीपर्यंत पातेल्यांत पाणी उकळून, गाळून, निववून प्यायलो. त्याच सोमवारी 'प्रोक्रॅस्टिनेट', म्हणजे चालढकल करणे, या शब्दाच्या अर्थाला आणि वाक्याला चिरंजिवांना पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

'पुट ऑफ' म्हणजे बंद करणे नव्हे, पुढे ढकलणे, असा बुधवारी मेकॅनिकने खुलासा केल्यावर माझा संयम संपला आणि शाळेला पत्र लिहायचे ठरले. वीसऐवजी दहा शब्द द्यावेत, ते मुलांच्या धड्यांतले आणि रोजच्या वापरातले असावेत, मागचे शब्द पुन्हा विचारले जावेत आणि नामांना विरुद्धार्थी रकान्यातून सूट मिळावी, एवढ्याच आमच्या मागण्या होत्या. मसुदा अर्थातच अण्णांनी केला. त्यांनी दोन दिवस खर्च करून, जुना जाडजूड कोश मांडीवर घेऊन, 'द अंडरसाइन्ड'पासून 'युअर्स फेथफुली'पर्यंत दोन पानी पत्र सिद्ध केले. त्यात एका वाक्यात तीन अर्धविराम होते आणि 'इनअ‍ॅस्मच अ‍ॅज' हा शब्दप्रयोग दोनदा आला होता.

आठवड्याभरात प्राचार्यांचे उत्तर आले. मागण्यांविषयी त्यात अवाक्षर नव्हते. असे इंग्रजी हल्ली वाचायला मिळत नाही, असे आवर्जून लिहून त्यांनी अण्णांना शाळेच्या आंतरवर्गीय शब्दस्पर्धेचे परीक्षक म्हणून सन्मानपूर्वक बोलावले होते. अण्णा कोट इस्त्री करून गेले, शाल आणि श्रीफळ घेऊन परतले आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी मांडलेली सूचना एकमताने मान्य झाल्याचे त्यांनी जेवताना आम्हाला सांगितले. येत्या शनिवारपासून यादी तीस शब्दांची असून, शब्दाच्या व्युत्पत्तीसाठी सहावा रकाना अण्णांनी स्वतः आखून दिला आहे.