पानिपतच्या दिवशी संक्रांत नव्हती

नव्या वर्षाच्या तोंडावर फोनवर 'तुम्हाला माहीत आहे का?' छापाचे मेसेज सुरू होतात. त्यातलाच एक बँकवाल्याने ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर वाचून दाखवला: 14 जानेवारी 1761, पानिपत, ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली.

"तारीख बरोबर, वारही ठाऊक आहे, बुधवार. तिथी पौष शुद्ध अष्टमी," इतिहासवाला म्हणाला. "पण संक्रांत चार दिवस आधीच होऊन गेली होती."

"काहीतरीच! संक्रांत 14 जानेवारीलाच असते. आपल्या सणांत तेवढीच एक तारीख पक्की."

इथे गुरुजींनी चहाचा ग्लास खाली ठेवला. संक्रांत म्हणजे सूर्याने मकर राशीत शिरणं, आणि राशी मोजायच्या ताऱ्यांवरून. ताऱ्यांच्या संदर्भात सूर्याची एक फेरी 365 दिवस, 6 तास, 9 मिनिटांची. भिंतीवरच्या कॅलेंडरचं सरासरी वर्ष 365 दिवस, 5 तास, 49 मिनिटांचं. दरवर्षी 20 मिनिटांचा फरक, म्हणजे साधारण 72 वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते.

"आता 1761 चं करा," इतिहासवाला म्हणाला. "ते लीप वर्षानंतरचं पहिलं वर्ष. तसंच 2025. म्हणून या दोघांचीच तुलना करायची, नाहीतर 29 फेब्रुवारीचा घोळ मध्ये येतो. 2025 ची संक्रांत 14 जानेवारीला सकाळी 9 च्या सुमारास. मधली 264 वर्षं गुणिले 20 मिनिटं, म्हणजे 88 तास. तीन दिवस 16 तास मागे जा. 10 जानेवारीची संध्याकाळ येते. पंचांग बदललं तर काही तास इकडेतिकडे होतील, पण 14 काही येत नाही. पडताळा हवा तर स्वामी विवेकानंदांचा जन्म बघ. 12 जानेवारी 1863, आणि त्या दिवशी संक्रांत होती."

हा पुरावा बिनतोड आहे. पानिपतच्या दुःखाला संक्रांतीच्या योगायोगाची गरज नाही, आणि खोटी जोड देऊन ते मोठंही होत नाही.

बँकवाल्याने मग दुसरा मेसेज काढला: संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो. आता भूगोलाच्या बाई सरसावल्या. "वळून तीन आठवडे झालेले असतात! सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचतो 21-22 डिसेंबरला. मकरप्रवेश आणि हे वळण एकाच वेळी घडत होतं ते इसवी सन 285 च्या सुमारास. पृथ्वीचा अक्ष सावकाश डोलतो, त्यामुळे दोघांत आता 24 दिवसांचं अंतर पडलंय."

"मग संक्रांतीपर्यंत सकाळी उजाडायला आणखी उशीर का होतो?" बँकवाला अडून बसला. प्रश्न रास्त होता. ठाण्यात 22 डिसेंबरला सूर्य 7 वाजून 7 मिनिटांच्या आसपास उगवतो, जानेवारीच्या मध्याला सव्वासातला. कारण त्या काळात सगळा दिवसच घड्याळावर पुढे सरकतो. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे, शिवाय जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ, 14.71 कोटी किलोमीटरवर, असते आणि वेगात धावते. त्यामुळे ठाण्याची खरी दुपार, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, 22 डिसेंबरला 12:37 ला होते, तर 14 जानेवारीला 12:47 ला. सूर्योदय उशिरा होतो, पण सूर्यास्त त्याहून जास्त उशिरा होतो, म्हणून दिवस वाढतच असतो.

"तोंडाने कशाला? गच्चीवर मोजा," सर्व्हेअर म्हणाला. त्याची रीत नीट उतरवून ठेवण्यासारखी आहे. सरळ काठी उभी करायची, ती ओळंब्याने तपासायची. वर पत्र्याचा तुकडा आडवा बसवून त्याला 5 मिलिमीटरचं भोक पाडायचं. भोक जमिनीपासून बरोबर 1 मीटरवर हवं. सावलीचं टोक मोजायच्या फंदात पडायचं नाही, कारण सूर्य ठिपका नसून तबकडी आहे, आणि टोकाची कडा दीड-दोन सेंटिमीटर धूसर पडते. त्याऐवजी भोकातून पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य धरायचा आणि भोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून अंतर मोजायचं.

आकडे त्याने तिथेच काढून दिले. ठाण्यात भर दुपारी हे अंतर 22 डिसेंबरला 92 सेंटिमीटर, 1 जानेवारीला 91 आणि संक्रांतीला 85. सूर्य संक्रांतीला वळत असता तर सर्वांत लांब सावली त्या दिवशी पडली असती.

"पहिल्या दहा दिवसांतला एक सेंटिमीटर गच्चीच फस्त करेल," त्याने बजावलं. गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतो. शंभराला एक एवढा उतार उत्तरेकडे असला तरी मोजमाप जवळजवळ सेंटिमीटरभर वाढतं. म्हणून खाली प्लायवूडची फळी घ्यायची आणि लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून ती समतल करायची. आणि घड्याळातल्या बाराला मोजायचं नाही. साडेबारा ते एक, दर पाच मिनिटांनी खूण करून सर्वांत कमी अंतर घ्यायचं. कठड्याची सावली फळीवर येत नाही ना, हे आदल्या दिवशीच पाहून ठेवायचं.

बाईंचा मुद्दा त्यापुढचा होता. सरकारने 1957 मध्ये लागू केलेल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत पौषाची 1 तारीख 22 डिसेंबरलाच येते. आकाशाशी जुळणारं वर्ष तयार असताना सणही तिकडेच न्यावा, असं त्यांचं ठाम म्हणणं.

गुरुजींना ते मान्य नाही. "सणाचं नाव मकरसंक्रांत आहे. मकर राशीत सूर्य ज्या क्षणी जातो, तो क्षण आम्ही अचूक देतो. उत्तरायण त्याला चिकटलं होतं, ते सुटलं. सुटलं म्हणून सांगा, पण राशीप्रवेश हलवू नका." या बाबतीत मला गुरुजींचं पटतं. दोन्ही घटना खऱ्या आहेत, एकीचं नाव दुसरीला द्यायची गरज नाही.

तारखेचं त्यांनी जाता जाता स्पष्ट केलं. संक्रांत दरवर्षी सहा तास नऊ मिनिटं पुढे जाते आणि 29 फेब्रुवारी आला की एक दिवस मागे येते. 2024 ला ती 15 च्या पहाटे होती, 2026 ला 14 तारखेला दुपारी 3 नंतर. 2027 ला 14 च्या रात्री 9 च्या सुमारास, म्हणजे सूर्यास्तानंतर. त्यामुळे पुण्यकाळ 15 ला, आणि 2028 लाही 15 च.