"पैसे पूर्ण, पॉवर अर्धी" या रीव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारांचा रीव्ह्यू वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय आमच्याकडे ट्यूनिंगला, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायला आणलीत आणि ६५० न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) मागितलात. आम्ही ५८० वर थांबलो, आणि ३००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली तर टॉर्क त्याहून कमी ठेवला. वर गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरचे आणि ऑइलचे वेगळे पैसे लावले. दुसऱ्या शहरातला ट्यूनर निम्म्या पैशात "फुल पॉवर" देतो, असंही तुम्ही लिहिलंय.

बिलाचं आधी सांगून टाकतो. इंजिनाची फाइल (म्हणजे नवं सॉफ्टवेअर), गिअरबॉक्सची फाइल आणि गिअरबॉक्सचं ऑइल व त्याचा पॅन अशा तिन्ही बाबी वेगवेगळ्या लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या होत्या. त्यावर तुमचा अंगठा आला, मगच गाडी रॅम्पवर चढली.

आता ६५० चं. "हा गिअरबॉक्स ७०० घेतो, मी वाचलंय." वाचलंत ते खोटं नाही, फक्त ते तुमच्या गिअरबॉक्सबद्दल नाही. झेडएफ या कंपनीच्या आठ गिअरच्या ८एचपी गिअरबॉक्स घराण्यात नावातल्या आकड्याला साधारण दहाने गुणलं की टॉर्कची मर्यादा कळते. ८एचपी४५ ला ४५०, ८एचपी७० ला ७००. तुमच्या गाडीत ८एचपी५१ आहे. आणि तुमचं इंजिन कंपनीतून निघतानाच १६०० ते ४५०० आरपीएमपर्यंत ५०० देतं.

मग आम्ही ५८० तरी कसे दिले? तर छापील आकडा गाठला की बॉक्स फुटतो, असं नसतं. कुणीही, कशीही, कुठल्याही हवेत चालवली तरी गाडीच्या आयुष्यभर टिकावा म्हणून तो आकडा राखून ठरवलेला असतो. याच बॉक्सवर टोयोटा सुप्रावाले ६०० च्या वर जातात, तेही मला माहीत आहे. पण जे टिकतात त्यांनी बॉक्सचं सॉफ्टवेअर बदललेलं असतं, काहींनी तर आतल्या क्लच प्लेटाही.

मुळात "किती पॉवर झेपेल" या प्रश्नातच गफलत आहे. गिअरबॉक्सला त्रास होतो तो टॉर्कचा, आणि पॉवर ठरते टॉर्क आणि आरपीएमच्या गुणाकारावर. ४०० हॉर्सपॉवर ६००० आरपीएमला काढले तर टॉर्क भरतो ४७० च्या आसपास. तेच ४०० तुम्ही ४५०० ला काढलेत तर ६२५ च्या घरात जातो. पॉवर वरच्या आरपीएमला घ्या, बॉक्स चकार शब्द काढणार नाही. आम्ही तेच केलं. तुम्हाला "खालून दम नाही" वाटतं ते त्यामुळेच. पाठ सीटवर आपटते तो झटका खालच्या टॉर्कचा असतो, आणि मजा त्यात असते हे मान्य. पण तुमच्या हातात दिलेल्या डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) कागदावर ५००० च्या पुढची रेघ जरा बघा. गाडी पळते ती तिथे. शिवाय जागेवरून सुटताना इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क जवळजवळ दुप्पट करून पुढे ढकलतो. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावरचे लाँच कंट्रोलचे (जागेवरून पूर्ण जोरात सुटायच्या सोयीचे) किस्से तुम्हीच आम्हाला हसत हसत सांगितले होते, म्हणून आठवण करून देतो.

आता गिअरबॉक्सच्या फाइलचे पैसे का, ते. इंजिनाचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला सतत सांगत असतो, "आत्ता एवढा टॉर्क येतोय." तो आकडा ऐकून बॉक्स क्लचवर ऑइलचा दाब ठरवतो. या बॉक्समध्ये क्लच आणि ब्रेक मिळून पाच, त्यांतले तीन प्रत्येक गिअरला पकडलेले. स्वस्तातल्या काही फायलींत मर्यादा ओलांडायची पळवाट अशी असते की इंजिनाला खोटं बोलायला लावायचं. येतोय ६५०, सांगायचं ५००. दाब ५०० पुरता, म्हणून दर शिफ्टला प्लेटा क्षणभर घसरतात. चालवणाऱ्याला कळतही नाही, उलट शिफ्ट मऊ वाटते.

तुमच्या गाडीत नेमकं हेच चाललं होतं. गाडी तुम्ही सेकंड-हँड घेतलीत, तिच्यात आधीच्या मालकाने कुठूनतरी टाकून घेतलेली फाइल होती. ऑइल तापल्यावर तिसऱ्यातून चौथ्यात जाताना स्लिप, म्हणजे प्लेटांचं घसरणं, वाढतेय, हे लॅपटॉपवर तुम्ही शेजारी बसून पाहिलंत. पॅन उतरवला तर ऑइल काळं आणि जळका वास. पॅनमधल्या चुंबकांवर पातळ करडा लेप प्रत्येक गाडीत असतो, तुमच्या गाडीत तो लोण्यासारखा बोटावर येत होता. फोटो तुमच्या फोनवर आहेत. क्लच अजून शाबूत आहेत, पण कोरे नाहीत. म्हणून ५८०.

ऑइल "लाइफटाइम" असतं, असंही लिहिलंय. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. तुमची गाडी तेवढी चाललेली नव्हती, हे खरं. पण जळक्या ऑइलवर नवी फाइल टाकणं आम्हाला जमत नाही, त्यातून इंदूरचा मे महिना आणि विजयनगरची ट्रॅफिक. पॅन प्लॅस्टिकचा आहे, फिल्टर त्यातच बसवलेला येतो, म्हणून अख्खा पॅन बदलावा लागतो. ऑइलची रक्कम मोठी दिसते ती त्यामुळे.

कंपनीची मूळ फाइल आमच्याकडे जपून ठेवलेली आहे. कधीही या, परत टाकून देऊ, त्याचे पैसे नाहीत. ६५० मात्र या क्लचवर आमच्याकडे होणार नाहीत. दुसरीकडे करून घ्यायचेच असतील तर त्यांना आधी दोन गोष्टी विचारा. गिअरबॉक्सची फाइलही बदलणार का? आणि ऑइल १०० अंशांवर असताना तिसऱ्यातून चौथ्यात जातानाचा लॉग (लॅपटॉपवरची नोंद) दाखवणार का? दाखवला तर मलाही पाठवा, मी बघेन.