साक्षीदाराविना गोल्फ

गोल्फ एकट्याने खेळावा की चौघांत, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर आधी अभिनंदन. याचा अर्थ तुमच्याकडे मेंबरशिप आहे, सकाळचे चार तास मोकळे आहेत आणि घरात "दळण आणायचं राहिलंय" असं म्हणायचं आता सगळ्यांनी सोडून दिलंय. एवढं जमवलेल्या माणसाला सल्ला देणारा मी कोण? तरीही देतो. पुण्यात राहतो, न दिलेला सल्ला रात्री झोपू देत नाही.

एकट्याने खेळा. खेळ सुधारेल की नाही ते माहीत नाही, स्कोअर नक्की सुधारेल, म्हणजे फटके कमी भरतील.

पहिल्या टीपासूनच, म्हणजे होल सुरू होतो तिथूनच, बघा. तुम्ही ड्रायव्हर, म्हणजे सर्वात लांब मारायची काठी, उचलला, अंगातली होती नव्हती ती ताकद लावून फिरवला, कंबरेत कट्ट आवाज आला आणि चेंडू टीच्या खुंटीवर जसाच्या तसा, देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामासारखा. नियम असा, की चेंडू मारायच्या इराद्याने काठी फिरवली की तो फटका, लागो वा न लागो. सराव म्हणून फिरवली तर मोजायचा नाही. आता इरादा हा मनातला विषय. चौघांत असताना तुमच्या मनात काय होतं हे उरलेल्या तिघांना तुमच्याआधी कळतं. एक जण खोकतो, दुसरा बुटाची लेस बांधायला वाकतो, तिसरा "चालतंय हो, वॉर्म-अप होता" म्हणतो, आणि ते 'चालतंय हो' पुढची सतरा होल्स बुटातल्या खड्यासारखं टोचत राहतं. एकटे असाल तर काहीच घडलेलं नसतं. हवेत आणखी दोनदा काठी फिरवायची, झाडाच्या शेंड्याकडे बघून वाऱ्याचा अंदाज घेतल्यासारखी मान डोलवायची आणि मग आयुष्यातला पहिला फटका मारायचा. पुन्हा पहिला.

चेंडू हरवला तर शोधायला तीन मिनिटं मिळतात. पूर्वी पाच होती, 2019 पासून तीन झाली. घड्याळ मात्र तुमच्याच मनगटावर आहे, आणि एकट्या माणसाच्या तीन मिनिटांत फ्लास्कमधला चहा पिऊन होतो, एक फोन होतो, शिवाय चेंडूही सापडतो. कसा सापडतो ते विचारू नये. रफमध्ये, म्हणजे लांब गवतात, गेलेला चेंडू फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्याच्या, कडेला, कोरा करकरीत, दोन पानांवर अलगद बसवल्यासारखा सापडतो. जाताना त्याच्यावर तीन नंबर होता, आता एक आहे. उन्हाने पुसला जातो कधीकधी.

कावळ्यांचाही विचार करून ठेवा. आमच्याकडे कावळे आणि घारी चेंडू उचलून नेतात. थांबलेला चेंडू पक्ष्याने नेला तर दंड नाही, मूळ जागी चेंडू ठेवून पुढे खेळायचं. अट एकच: पक्ष्यानेच नेला हे माहीत हवं किंवा जवळजवळ खात्रीचं हवं. चौघांत "कावळ्याने नेला" म्हणालात तर सगळे आकाशाकडे न बघता तुमच्याकडे बघतात. एकट्याला खात्री पटवायची असते ती स्वतःची, आणि स्वतःइतकं समजूतदार माणूस दुसरं नाही. पितृपक्षात तासभर ताटकळत ठेवून पिंडाला न शिवणारा कावळा गोल्फच्या चेंडूवर मात्र हमखास झडप घालतो, तेही चेंडू पाण्यात गेल्याचा आवाज आल्यानंतर.

चौघांत खेळण्याचे फायदे मी नाकारत नाही. 'गिमी' हा त्यातला सर्वात मोठा. चेंडू होलच्या जवळ आला की बाकीचे "घ्या हो, झालाच" म्हणतात आणि तुम्ही तो उचलून घेता. दोघांमधल्या मॅच प्लेमध्ये, जिथे एकेक होल कोण जिंकतो ते बघतात, असं सोडणं नियमात बसतं. एकेक फटका मोजायच्या खेळात, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये, बसत नाही, तिथे चेंडू त्या सव्वाचार इंच व्यासाच्या भोकात पडावाच लागतो. शनिवारच्या फोरबॉलला, म्हणजे चौघांच्या टोळक्याला, हे कुणी सांगायचं? तिथे गिमी हे चलन आहे. बरोबरचा माणूस बँकेचा असेल आणि तुमचं कर्ज मंजूर व्हायचं असेल, तर त्याचा सहा फुटांवरून होलकडे घरंगळवायचा पटसुद्धा "झालाच". सख्खा भाऊ असेल तर सहा इंचांचाही टाकायला लावायचा, आणि तो वाकला की शेजारी उभं राहून किल्ल्या वाजवायच्या.

आणि सल्ला. तुमची कोपर, तुमचा अंगठा, तुमचं डोकं वर उचलणं, याबद्दल प्रत्येक फोरबॉलमध्ये एक तज्ज्ञ असतो. त्याचा स्वतःचा हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सुटीचा आकडा, चोवीस असतो. राउंड चालू असताना बरोबरच्या स्पर्धकाला असा सल्ला देणं नियमाने मना आहे. स्ट्रोक प्लेमध्ये त्याला दोन फटक्यांचा दंड आहे. हा दंड पुण्यात खरोखर लावला तर अठरा होल्समध्ये दीडशेच्या आत कुणी परतणार नाही.

एकट्याने खेळणाऱ्याला जगाने फार छळलंय, हेही सांगायला हवं. गोल्फच्या जुन्या शिष्टाचारात स्पष्ट लिहिलेलं होतं की एकट्या खेळाडूला काही स्थान नाही, त्याने कुठल्याही जोडीला वाट करून द्यावी. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत एकट्या आलेल्या पाहुण्याला कुठेही कोंबतात, तसंच. अठरा होल्सची पद्धत जिथून आली, त्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर एकट्याला खेळायची वेळ मिळवायच्या सोडतीत भाग घेता येत नसे. लोक स्कॉटलंडच्या थंडीत मध्यरात्रीपासून रांगेत उभे राहायचे, का, तर सकाळी कुठल्या तरी तिघांना चौथा हवा असेल म्हणून. एकट्यांसाठी वेगळी सोडत 2024 साली सुरू झाली. 2020 पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत तर एकट्याने खेळलेला राउंड धरतच नाहीत, बरोबर निदान एक माणूस हवा.

काही जण याला तोटा म्हणतात. मला तो आशीर्वाद वाटतो. मंगळवारी एकट्याने काढलेला ब्याऐंशीचा स्कोअर हँडिकॅपमध्ये धरला, तर शनिवारी चारचौघांत ब्याऐंशी काढून दाखवावे लागतील. त्यापेक्षा झाकली मूठ बरी. मंगळवारचा आकडा फक्त सांगायचा, ऑफिसात, व्याह्यांना, फॅमिली ग्रुपवर.

एक धोका तेवढा सांभाळा. एकटे असताना होल-इन-वन, म्हणजे टीवरून एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये, मारू नका. चारचौघांत मारलात तर रिवाजाप्रमाणे बारमधल्या सगळ्यांना तुमच्या खर्चाने पाजावं लागतं; जपानात हा खर्च इतका वाढतो की लोक त्याचा विमा काढतात. पण निदान कुणी तरी पाहिलेलं असतं. एकट्याने मारलेला होल-इन-वन म्हणजे स्वप्नात लागलेली लॉटरी. मंगळवारच्या सगळ्या खोट्या आकड्यांवर लोकांनी मान डोलावलेली असते आणि नेमका हा एकच खरा आकडा सांगताना ते घड्याळाकडे बघतात.

प्रामाणिकपणासाठी बॉबी जोन्स या अमेरिकन गोल्फपटूचं उदाहरण तुम्हाला कुणी तरी देईलच. 1925 च्या यूएस ओपनमध्ये लांब गवतात फटक्याच्या तयारीत असताना त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी निर्णय त्याच्यावर सोडला, आणि त्याने स्वतःला एका फटक्याचा दंड लावून घेतला. शेवटी विली मॅकफर्लेनशी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये साहेब एका फटक्याने हरले. कौतुक झालं तेव्हा उलट चिडले, म्हणे बँक लुटली नाही म्हणूनही कौतुक कराल. अशा लोकांमुळे खेळाचं वातावरण बिघडतं.

आता एकट्याने खेळायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. परदेशातला एकटा खेळाडू स्वतःची बॅग खांद्याला लावून चालतो. आपल्याकडच्या एकट्याला किमान एक माणूस लागतो. चौदा काठ्या, डझनभर चेंडू, छत्री, पाणी आणि तुमचं काढून ठेवलेलं स्वेटर उचलणारा तो कॅडी. ऐपत असेल तर दोन, कारण दोनशे यार्डांवर उन्हात उभं राहून तुमचा चेंडू कुठे पडतो हे बघणारा आगेवालाही हवा. या दोघांसह फिरून आलात की घरी सांगायचं, "आज एकटाच होतो, फार शांत वाटलं."

कॅडीला मोजायचं नाही, हे यातलं मूळ तंत्र. त्याला खेळातलं काय कळतं? अली शेर दिल्लीच्या कोर्सवर कॅडी म्हणूनच वाढला आणि 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला, पण त्याला अपवाद समजा, नाही तर पुढचं सगळं कोसळतं. आमच्याकडे सोमवारी कोर्स बंद असतो तेव्हा कॅडी खेळतात. एकदा विसरलेली छत्री न्यायला गेलो तेव्हा पाहिलं. पाच जणांत सात काठ्या, एकाच्या पायात स्लीपर, आणि फटके मोठ्याने मोजत चाललेले. "चार झाले रे तुझे!" "तीन!" "झाडाला लागला तो कोण मोजणार, तुझा बाप?" गिमी नाही, मुलिगन, म्हणजे फुकटात पुन्हा मारायचा फटका, नाही. पैसे लावलेले होते म्हणे, वीस-वीस रुपये.

माझी बॅग उचलतात ते मामा, वय साठीच्या पुढचं. त्यांच्या डाव्या खिशात चिंचोके असतात. प्रत्येक फटक्याला एक चिंचोका उजव्या खिशात जातो. ही जुनी सवय, मला बरेच महिने लक्षातही आलं नव्हतं. परवाच्या मंगळवारी नवव्या ग्रीनवरून खाली आलो, कार्ड काढलं.

"सात ना साहेब?" मामा म्हणाले.

"पाच," मी म्हणालो. "पहिला प्रॅक्टिसचा होता. आणि तो कावळा."

मामांनी आकाशाकडे बघितलं, अगदी नीट, कावळा अजून असेल तर दिसावा इतका वेळ. मग उजव्या खिशात हात घालून दोन चिंचोके काढले आणि डाव्या खिशात परत टाकले.

"पाच," ते म्हणाले, आणि बॅग उचलून दहाव्या टीकडे चालायला लागले.

दुसऱ्याच दिवशी मी चाकांची ट्रॉली स्वतः ओढायची परवानगी मागणारा अर्ज कमिटीला दिला. कारण लिहिलं, व्यायाम. उत्तर आलं की कॅडी घेणं सर्वांना सक्तीचं आहे, एकट्याने खेळणाऱ्यांनाही.