‘शहरात बसून’ म्हणणाऱ्या वाचकाला

मागच्या आठवड्यातल्या बाळाला भरवायच्या मोडाच्या नागलीवरच्या (म्हणजे नाचणीवरच्या) माझ्या पोस्टखाली ‘एक वाचक’ या नावाने कमेंट आलीय. थोडक्यात अशी: “शहरात बसून नागलीचं कौतुक करणं सोपं असतं. पाड्यावरची बाई सकाळी सातला जीपमध्ये कोंबून द्राक्षबागेत जाते, तिने बाळाला दिवसातून चार वेळा भरवायचं कधी? टीएचआरची (अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणाऱ्या आहाराची) पाकिटं कोणी खात नाही हे सरसकट विधान आहे. आणि दंडाची पट्टी १२.५ च्या खाली लाल नसते, आधी माहिती घ्या.”

आधी शेवटचं, कारण ते बरोबर आहे. कुपोषण ओळखायला बाळाच्या दंडाचा घेर मोजतात त्या पट्टीवर लाल म्हणजे ११.५ सेंटीमीटरच्या खाली, ११.५ ते १२.५ पिवळं. टाईप करताना घोळ झाला, दुरुस्त केलंय, आभार. ‘आधी माहिती घ्या’ न म्हणताही हे सांगता आलं असतं, पण असो.

आता ‘शहरात बसून’. मी पंचवटीत राहते हे खरंय, ब्लॉगवर मीच लिहिलंय, तुम्ही काही शोध नाही लावलात. पण जन्म पेठ तालुक्यातला, सावळघाटाच्या पलीकडचा. आई १९८४ पासून अंगणवाडी सेविका. तुळईला स्प्रिंगचा काटा टांगलेला असायचा आणि त्याला कापडी झोळी, मूल त्यात घातलं की असं लाथा झाडायचं की काटा नुसता थरथरायचा. मग आई हातातल्या बांगड्या वाजवायची, आवाज कुठून येतो ते बघायला मूल क्षणभर गप्प व्हायचं आणि तेवढ्यात मी आकडा वाचायचा. पाचवीत होते मी. वजनाच्या तक्त्यावरची रेघ खाली वळली की आई काही बोलायची नाही, फक्त पेन्सिल कानावर ठेवून द्यायची. हे शहरात बसून नाही बघितलेलं.

आणि नागलीचं म्हणाल तर माझा धाकटा भाऊ दहा महिन्यांचा असताना आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत जुलाबाने असा वाळला की मांड्यांची कातडी लोंबायला लागली होती. आजीने नागली रात्रभर भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, सावलीत वाळवली, मंद भाजून जात्यावर दळली. का, तर साध्या पिठाची पेज लगेच घट्ट बसते, मग आपण पाणी ओततो आणि बाळाचं एवढंसं पोट पाण्यानेच भरतं. मोडाच्या पिठाची पेज पातळच राहते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त जातं. वर चमचाभर खुरासणीचं तेल. आजीला कॅलरी हा शब्द माहीत नव्हता, नागलीत १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं हेही नाही, पण वाटी लहान आणि पोट त्याहून लहान हे तिला कळत होतं. भाऊ आज ट्रक चालवतो, दोन पोरांचा बाप आहे. ह्यात शहरातलं काय आहे ते सांगा बरं मला. आणि तुम्हीसुद्धा कमेंट मोबाईलवरून टाकलीय, जात्यावर बसून नाही.

कळस म्हणजे ‘कौतुक’ हा शब्द. कौतुक दिवाळीच्या फराळाचं करतात. मी कृती दिली होती, मापासकट. ती नीट वाचली असती तर हा शब्द सुचला नसता.

टीएचआरचं म्हणाल तर बरं, ‘कोणी’ऐवजी ‘बऱ्याच घरात’ वाचा. शेळीपुढे ओतलेली पाकिटं मी डोळ्यांनी बघितलीत. अमृत आहार योजनेतलं अंडं मात्र पोरं खातात, आठवड्यातून चार दिवस, ते मी त्याच पोस्टमध्ये चांगलं म्हटलंय, पण ते तुम्हाला दिसायचं नाही. आणि एवढी पाकिटं वाटूनही राज्यात पाच वर्षांखालची वयाच्या मानाने खुजी मुलं २०१५-१६ च्या पाहणीत ३४.४ टक्के होती ती २०१९-२१ ला ३५.२ झाली. सरसकट म्हणे.

राहता राहिलं वेळेचं. तो वेगळा विषय आहे, एका पोस्टमध्ये सगळं मावत नाही. द्राक्षाच्या गोडी छाटणीपासून माल तुटेपर्यंत दिंडोरी-निफाडच्या बागांत कोण जातं ते मला नका सांगू, आमची अर्धी आळी जायची. घरात आजी असते, मोठी पोर असते, मनात असलं की होतं सगळं. आमच्याकडे नाही झालं? आई अंगणवाडीत, आजी आवणीला, मग दुपारच्या दोन वाट्या मीच भरवायचे, महिनाभर शाळेत गेले नाही त्या वर्षी, पण भरवलं ना.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा खाली नाव लिहा. दादा म्हणावं की ताई, तेही कळत नाही.