'४३२ हर्ट्झ'च्या मेसेजबद्दल खुलासा

संगीतप्रेमींच्या ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय: '४३२ हर्ट्झ हा निसर्गाचा मूळ नाद, आपले ऋषी त्यावरच गात. नाझींनी १९३९ मध्ये जगावर ४४० लादलं, म्हणून आजच्या संगीतानं मन अशांत होतं.'

यातलं १९३९ साल तेवढं खरं. त्या वर्षी लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत, पाश्चात्त्य संगीतात ज्यावर वाद्यं जुळवतात त्या 'ए' (A) स्वरासाठी ४४० हर्ट्झची शिफारस झाली. पण हाच आकडा १८३४ मध्येच जर्मनीत श्टुटगार्टला सुचवला गेला होता, तेव्हा नाझी कुठे होते? त्याआधी तर युरोपात गावोगावी पट्टी वेगळी असे.

आणि ऋषींचं म्हणाल तर हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. सेकंद हे माणसानं ठरवलेलं माप. ते बदललं की ४३२ हा आकडाही बदलणार.

आपल्याकडे तर षड्ज, म्हणजे 'सा', स्थिरच नाही. कुणी पेटीच्या काळी एकला (पहिल्या काळ्या पट्टीला) गातं, कुणी काळी चारला. तानपुरा गळ्याप्रमाणे लावतात. खुंटी पिळून तार जवळपास आणायची, मग तारेत ओवलेला मणी किंचित सरकवून नेमकी मिळवायची. ४४० आणि ४३२ मधलं अंतर अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. सगळी पट्टी तेवढी उतरवली तरी यमन यमनच राहतो, कारण राग स्वरांच्या आपसातल्या नात्यात असतो. संगीत मनाला का भिडतं हा प्रश्न मोठा आहे, त्याचं उत्तर एका आकड्यात कोंबू नये असं मला वाटतं.

४३२ वर ऐकून कुणाला बरं वाटत असेल तर खुशाल ऐकावं. हा मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका; आला तर पाठवणाऱ्याला हा खुलासा द्या.